वाचक विचारतात : डिमेन्शिया असलेल्या माणसाला पाण्यात न्यायचं का?

मागच्या वेळी गुडघेदुखीसाठी पाण्यातल्या व्यायामावर लिहिलं होतं, त्यात शेवटी एक ओळ सहज टाकली होती की डिमेन्शिया असलेल्या माणसांनाही पाण्यात बरं वाटतं. त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त प्रश्न आले, म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं छातीएवढ्या पाण्यात उभी राहून हेच काम करतेय, त्यामुळे जे सांगतेय ते त्या पाण्यातलं आहे. पण तुमच्या माणसाचं हृदय, बीपी, औषधं मला माहीत नाहीत, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जायचं, हे प्रत्येक उत्तराच्या आधी लिहिलंय असं समजा.

ताई, माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, तरुणपणी पट्टीचे पोहणारे. ३ वर्षांपूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं. आता नातवाचं नाव आठवत नाही, शर्ट उलटा घालतात, दिवसभर घरात येरझाऱ्या चालू असतात. भाऊ म्हणतो त्यांना पोहायला नेऊया, पाणी बघून खूश होतील. आई म्हणते जिवाशी खेळ नको. मी कुणाचं ऐकू? – एक लेक

दोघांचंही ऐका, पण आधी आईचं.

अल्झायमर्समध्ये सुरुवातीलाच मेंदूचा जो भाग खराब होतो तो नवीन आठवणी साठवणारा, हिप्पोकॅम्पस म्हणतात त्याला. पोहणं, सायकल, विणकाम अशी अंगवळणी पडलेली कामं मेंदूत दुसरीकडे सांभाळली जातात, तिथे हा आजार बऱ्याच उशिरा पोचतो. म्हणून सकाळी काय झालं ते न आठवणारा माणूस पाण्यात उतरल्यावर असा सफाईदार हात मारतो की बघणाऱ्याला वाटावं याला काही झालेलंच नाही. आणि घरचे नेमके इथेच फसतात. कारण हात मारता येणं म्हणजे पोहता येणं नव्हे. पोहताना आपण मनातल्या मनात सतत हिशोब करत असतो, दम किती उरलाय, काठ किती लांब आहे, पुढे खोल आहे का, समोरून कोण येतंय, आणि हे हिशोबाचं कामच या आजारात बिघडतं. बाबा सुरुवात झकास करतील आणि अर्ध्यात आल्यावर आपण इथे कशाला आलो हेच विसरतील, आणि ते खोल पाण्यात झालं तर काय ते वेगळं सांगायला नको.

त्यात लेवी बॉडी डिमेन्शिया (अल्झायमर्ससारखाच डिमेन्शियाचा आणखी एक प्रकार) किंवा पार्किन्सन्स असेल तर अजूनच जपा, कारण तिथे अंगवळणी पडलेल्या हालचालींचीच यंत्रणा बिघडलेली असते. २०१९ मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सच्या ९ रुग्णांची हकीकत छापली होती, सगळे चांगले पोहणारे, मेंदूत इलेक्ट्रोड बसवायचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचं चालणं सुधारलं पण पोहणं गेलं, आणि ते गेलंय हे पाण्यात पडेपर्यंत त्यांना कळलं नाही. ऑपरेशनची गोष्ट वेगळी आहे मान्य, पण “त्यांना पोहता येतं” हे वाक्य मी तेव्हापासून कुणाच्याही तोंडून विश्वासाने ऐकत नाही, स्वतः उथळ पाण्यात बघते.

आता भावाचं. बाबांना पाण्यात न्याच, पण पोहायला म्हणून नेऊ नका, पाण्यात चालायला न्या. पाणी त्यांच्या बेंबीच्या वर आणि खांद्याच्या खाली, एक माणूस कायम त्यांच्या हाताच्या अंतरावर पाण्यातच उभा (काठावर बसून लक्ष ठेवणारा माणूस धरायचा नाही), आणि लाइफगार्डला आधी जाऊन सांगायचं की यांना डिमेन्शिया आहे. लाइफगार्ड असला तरी हाताच्या अंतरावरचा माणूस हवाच.

पाण्यात होतं काय ते सांगते. कमरेपर्यंत पाणी असलं की पायांवर शरीराचं साधारण निम्मंच वजन येतं, छातीपर्यंत असलं की साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे जमिनीवर पाय ओढत चालणारा माणूस पाण्यात गुडघा उचलू शकतो. तोल गेला तरी धाडकन पडत नाही, हळू कलतो, आणि त्या दोन-तीन सेकंदांत शरीर स्वतःला सावरायचा प्रयत्न करतं. जमिनीवर पडायच्या भीतीने तोलाचा जो व्यायाम करताच येत नाही तो इथे करता येतो. आणि पाण्याचा विरोध वेग वाढला की फार वाढतो, वेग दुप्पट केला तर विरोध साधारण चौपट, म्हणजे डंबेल नको, वजनं मोजायला नकोत, हळू हात फिरवला तर हलका व्यायाम, जोरात फिरवला तर जड. सूचना समजायला जड जाणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी सोय आहे बघा, “जरा कमी करा” सांगावंच लागत नाही, दमले की हात आपोआप हळू होतो आणि व्यायामही आपोआप हलका होतो.

पहिल्या दिवशी १० मिनिटं पुरे. कठडा धरून पुढे चालणं, मग आडवं चालणं, मागे चालताना तुम्ही समोर तोंड करून दोन्ही हात धरलेले. गुडघे वर, टाचा वर. फोमचं फ्लोट दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबायचं आणि हळू वर येऊ द्यायचं. चेंडू टाकाटाकी तर सगळ्यांना आवडते, नाही म्हणणारा माणूसही अंगावर आलेला चेंडू पकडतोच. जमायला लागलं की हळूहळू अर्ध्या तासापर्यंत न्या. आणि बाबांना पाठीवर पडून किंवा दोन हात मारून बघायचे असतील तर तुम्ही शेजारी असताना त्याच उथळ पाण्यात मारू द्या की, तो त्यांचा आनंद आहे, तो काढून घेऊन नुसती कवायत करून घेण्यात काय अर्थ आहे.

पाणी कोमट हवं. नेहमीचे पोहायचे तलाव २६ ते २८ डिग्रीचे असतात, जोरात पोहणाऱ्याला ते ठीक, पण हळू चालणारं म्हातारं शरीर त्यात गारठतं कारण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. ३१ ते ३४ च्या दरम्यान मिळालं तर उत्तम. थंडी वाजतेय हे ते बोलून सांगतीलच असं नाही, ओठ आणि नखं बघत राहा, खांदे वर चढलेले दिसले की बाहेर काढा.

यानं आईची स्मरणशक्ती परत येईल का? खरं काय ते सांगा. – एक मुलगा

नाही येणार. तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं सांगतेय.

डिमेन्शियात व्यायामाचा सगळ्यात मोठ्या अभ्यासांपैकी एक इंग्लंडमध्ये झाला, २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सौम्य आणि मध्यम डिमेन्शिया असलेली ४९४ माणसं होती, त्यातल्या एका गटाकडून ४ महिने बऱ्यापैकी दमवणारा व्यायाम करून घेतला, जमिनीवरचा, जिमसारखा. माणसं शरीराने तंदुरुस्त झाली, चालणं सुधारलं, पण आजाराचा वेग काही कमी झाला नाही. पाण्यातल्या व्यायामाचे अभ्यास याच्यापेक्षा खूपच लहान आहेत, त्यामुळे कुणी जर तुम्हाला म्हणालं की आमच्या पूलमध्ये या, मेमरी सुधारते, तर तिथून निघा.

मग कशासाठी न्यायचं? पाय चालते राहावेत, तोल राहावा, पडून खुब्याचं हाड मोडू नये, रात्री झोप लागावी, आणि दिवसातला अर्धा तास तरी असा असावा की ज्यात आईला कुणी काही विचारत नाहीये, आठवतंय का, ओळखलंस का, आत्ताच सांगितलं ना. पाण्यात तिला काहीच आठवावं लागत नाही. मला स्वतःला हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं वाटतं. घरी आल्यावर ती म्हणेल मी कुठे गेलेच नव्हते, तेव्हा तिच्याशी वाद घालू नका. गेल्याची आठवण पुसली तरी मनाला आलेलं बरेपण बराच वेळ टिकतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

आमच्या ह्यांना फिजिओनं पाण्यातला व्यायाम सांगितलाय. दोनदा नेलं, दोन्ही वेळा पायरीवर पाऊल टाकतात आणि मागे घेतात. काही विचारलं तर चिडतात. मागे उभे असलेले लोक बघायला लागतात आणि मलाच रडू येतं. जबरदस्ती करू का सोडून देऊ? – एक पत्नी

काकू, जबरदस्ती नाही, आणि इतक्यात सोडूही नका. आधी ते काय बघतायत ते बघा.

माझ्याकडे एक आजी यायच्या, त्यांचंही अगदी असंच. पाय उचलायचा, बोटं पाण्याला लागायची, पाय मागे. तीन दिवस मला वाटत होतं पाणी गार लागतंय. चौथ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि त्यांची नजर जाते तिकडे बघितलं. तळाला काळ्या फरशांचा पट्टा होता, पोहणाऱ्यांना सरळ रेषेत जाता यावं म्हणून असतो तो, आणि पाणी हललं की तो पट्टाही हलायचा. मी विचारलं, तिथे काय आहे हो आजी? त्या हळू आवाजात म्हणाल्या, “खड्डा.” मी काही समजावत बसले नाही. पाण्यात उतरले, त्या पट्ट्यावर जाऊन दोन्ही पायांनी उभी राहिले, पाय आपटून दाखवले, परत आले आणि हात पुढे केला. त्यांनी कठडा धरलेली बोटं एकेक करून सोडली, माझा हात धरला, आणि आम्ही पट्टा नसलेल्या बाजूने गेलो. आतमध्ये गेल्यावर बराच वेळ नुसता तळवा पाण्यावर आडवा ठेवून वर खाली करत होत्या. त्या दिवशीचा व्यायाम तेवढाच, आणि मला तो भरपूर वाटला.

सांगायचं कारण, अल्झायमर्समध्ये डोळे ठीक असले तरी मेंदूला खोलीचा आणि रंगातल्या फरकाचा अंदाज येत नाही. काळा पट्टा खड्डा वाटतो, चकाकणारी ओली फरशी पाणी वाटते, काळं पायपुसणं भोक वाटतं, पायरीची कड दिसतच नाही. त्यामुळे ह्यांना रंगीत कड असलेल्या पायऱ्यांनी किंवा उतारावरून न्या, शिडीने अजिबात नको, शिडीत पाठ फिरवून न दिसणाऱ्या जागेवर पाय टाकायचा असतो. चष्मा काढू नका, मागे दोरी लावून डोळ्यावरच ठेवा. कानाचं मशीन मात्र काढावं लागतं, म्हणजे त्यांना तुमचं ऐकू येणार नाही, त्यात बंद तलावात आवाज घुमतो, म्हणून बोलण्यापेक्षा करून दाखवायचं. एका वेळी एकच गोष्ट. “पाय टाका” म्हणालात की मनात १० आकडे मोजा, तोवर दुसरं काही बोलू नका, कारण तेच वाक्य बदलून परत सांगितलं की त्यांना पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं आणि तिथेच चिडचिड होते. मागून ढकलू नका, दंड पकडून ओढू नका, तुम्ही त्यांच्या आधी पाण्यात जा आणि तळवा वर करून हात पुढे ठेवा. तो हात त्यांनी धरायचाय, आपण त्यांना धरायचं नाही.

१९४९ मध्ये लंडनला जेम्स मॅकमिलन नावाच्या इंजिनिअरने अपंग मुलींना पाण्यात शिकवायची एक पद्धत बसवली, हॅलिविक म्हणतात, आजही जगभर वापरतात. तिच्यातली पहिलीच पायरी व्यायामाची नाहीये, पाण्याशी मन जुळवून घ्यायची आहे, आणि तिच्यात फ्लोट बांधत नाहीत, प्रत्येक शिकणाऱ्यामागे एक माणूस असतो. तुम्हाला तेच करायचंय. पहिल्या दिवशी पायरीवर बसून पाय पाण्यात. दुसऱ्या दिवशी तेच. हातात एक मग द्या, पाणी भरून ओतू द्या, पाण्यावर फुंकर मारायला लावा. त्यांच्या तरुणपणीचं आवडीचं गाणं गुणगुणा, लय पकडली की पाय आपोआप चालतात.

आणि मागे उभ्या असलेल्या लोकांचं म्हणाल तर गर्दीच्या वेळी जाऊच नका. तलावाच्या लोकांना विचारा शांत वेळ कुठली असते, सकाळची असली तर फारच छान, कारण दुपार कलली की बऱ्याच जणांची अस्वस्थता वाढते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तोच कोपरा, तोच माणूस. तरीही चार-पाच खेपांनंतर ते नाहीच म्हणाले तर ते नाही हेच त्यांचं उत्तर आहे, मग तुम्ही दोघं काठाकाठाने फिरून या. डिमेन्शिया झाला म्हणून माणसाचा नकार खोटा होत नाही. आणि काकू, रडू आलं तर येऊ द्या, पुढच्या वेळी सोबत मुलाला किंवा मैत्रिणीला न्या, हे एकट्या माणसाचं काम नाही.

सासूबाईंना पाण्यात खूप आवडतं पण कपडे बदलताना रणकंदन होतं. ओरडतात, मारतात सुद्धा. आणि एकदा बाहेर आल्या आल्या तिथेच लघवी झाली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यावर काही उपाय? – एक सून

आधी लघवीचं, कारण त्यात तुमचा काही दोष नाही आणि त्यांचाही नाही. गळ्यापर्यंत किंवा छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाण्याच्या दाबाने पायातलं रक्त छातीकडे ढकललं जातं, शरीराला वाटतं आत पाणी जास्त झालंय आणि किडनी ते बाहेर टाकायला लागते. तुम्हाआम्हालाही पोहून आल्यावर घाई लागतेच, त्यांना ती वेळेवर कळत नाही एवढंच. त्यामुळे पाण्यात जायच्या आधी टॉयलेट, साधारण २० मिनिटांनी बाहेर काढून टॉयलेट, संपल्यावर कपडे बदलायच्या आधी परत टॉयलेट. “लागली का” विचारू नका, नाहीच म्हणतील, “चला आधी इकडे जाऊन येऊ” म्हणा. घरचं नेहमीचं डायपर पाण्यात फुगून जड होतं, ते नको, पोहण्यासाठीचं वेगळं येतं, पण तेही लघवी अडवत नाही, शौचापुरता थोडा वेळ उपयोग होतो. पोट बिघडलेलं असेल तर त्या आठवड्यात जायचंच नाही, हे बाकीच्या लोकांसाठी. आणि याच कारणाने बाहेर आल्यावर पाणी प्यायला द्यायचं, पाण्यात घाम येतो आणि तहान कळत नाही.

आता कपडे. ओला, अंगाला चिकटलेला पोशाख कुणीतरी खाली ओढतंय, अंग उघडं पडलंय, थंडी वाजतेय, आणि समोरची बाई आपली सून आहे हे त्या क्षणी आठवत नाहीये. त्यांच्या जागी कुणीही मारेल हो. घरूनच पोहायचे कपडे आत घालून न्या, म्हणजे निम्मं युद्ध संपलं. पोशाख पुढून चेन असलेला, किंवा वेगळा टॉप आणि पॅंट, एक आकार सैल. बाहेर येताक्षणी खांद्यावर मोठा टॉवेल आणि तो शेवटपर्यंत काढायचा नाही, त्याच्या आतूनच वरचं उतरवायचं, कोरडं चढवायचं, मग खालचं. खुर्चीवर बसवून करा. कोरडे कपडे घालायच्या क्रमाने एकावर एक रचून ठेवा, सगळ्यात वर जे आधी घालायचं ते, आणि त्यांच्या हातात द्या, जेवढं स्वतः घालतील तेवढं घालू द्या. समोर मोठा आरसा असेल तर त्यावर टॉवेल टाका, बऱ्याच जणांना आरशातली बाई आपणच आहोत हे ओळखू येत नाही आणि कुणी परकी बघतेय म्हणून घाबरतात. हात वाळवायचं मशीन शेजारी असेल तर तिथून लांबची जागा घ्या, तो आवाज अचानक येतो.

एक पुरुष वाचकांसाठी, बायकोला घेऊन जाताना कपडे बदलायला कुठे जायचं हा तुमचा प्रश्न तिसऱ्यांदा आलाय. कुटुंबासाठीची किंवा अपंगांसाठीची स्वतंत्र खोली आहे का हे फोन करून आधी विचारा, नसेल तर दुसरा तलाव बघा. तिला एकटीला बायकांच्या खोलीत पाठवू नका, दुसऱ्या दाराने बाहेर पडून हरवलेली माणसं मी बघितलीयत.

मॅडम, मी वृद्धांच्या निवासात काम करते. आमच्याकडच्या ज्यांचा आजार खूप पुढे गेलाय त्यांना नेण्यात काही अर्थ आहे का? गटाने नेता येईल का? – एक वाचक

अर्थ आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अगदी तुमच्यासारख्या निवासातल्या, मध्यम ते तीव्र डिमेन्शिया असलेल्या लोकांना घेऊन “वॉटरमेमरीज स्विमिंग क्लब” नावाचा उपक्रम केला होता, १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, २०१४ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. माणसं फार थोडी होती त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत, पण त्या लोकांचं अस्वस्थ वागणं कमी झालेलं दिसलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या स्टाफचा त्रासही. मला यातला स्टाफचा भाग महत्त्वाचा वाटतो. रोज ज्या माणसाला आपण आवरतो, भरवतो, शांत करतो, तो आपल्याशी चेंडू खेळताना दिसला की आपलं त्याच्याकडे बघणंच बदलतं.

गट म्हणाल तर जेवढी रहिवासी माणसं तेवढीच मदतीची माणसं, पाण्यातच, आणि काठावर एक जास्तीचा, टॉयलेटला कुणी निघालं तर जायला. तेवढे हात नसतील तर एका वेळी दोघांनाच न्या. उभं राहता येत नसेल तर आत नेणारी खुर्ची किंवा हॉइस्ट (माणसाला उचलून पाण्यात सोडणारं यंत्र) असलेलाच तलाव हवा. त्यांना उचलून उतरवायचा प्रयत्न करू नका, तुमचीही पाठ जाईल.

कुणाला अजिबात नेऊ नये? – तीन-चार वाचक

ताप, उघडी जखम, लघवीचं इन्फेक्शन, जुलाब, हृदयाचा अलीकडचा झटका किंवा झोपल्यावर दम लागणं, ताब्यात नसलेल्या फिट्स (अल्झायमर्समध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं हे बऱ्याच घरी माहीत नसतं), आणि गिळताना वारंवार ठसका लागणारा माणूस, कारण तोंडात गेलेलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी किंवा पोटावर पिशवी असेल तर डॉक्टरांना विचारून. कवळी सैल असेल तर काढून ठेवा.

बाहेर येताना चक्कर, हे वेगळं सांगते कारण अपघात पाण्यात कमी आणि पायरीवर जास्त होतात. पाण्याचा दाब अंगावरून गेला की बीपी खाली येतं, लेवी बॉडीवाल्यांचं आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांचं तर फारच, आणि डोनेपेझिल (अल्झायमर्समध्ये देतात ती गोळी) चालू असेल तर नाडीही मंद झालेली असू शकते. म्हणून शेवटच्या पायरीच्या आधी दोन मिनिटं थांबायचं, घोटे वरखाली करायचे, मग वर, आणि वर आल्यावर लगेच खुर्ची.

आमच्या जवळपास तलावच नाही. आणि खरं सांगायचं तर आईला आंघोळीलाच पाणी नको असतं, अंगावर शॉवर आला की किंचाळते. आमच्यासाठी काही आहे का? – एक मुलगी

आहे, आणि तुम्ही तर सगळ्यात आधी विचारायला हवं होतं, कारण रोजची लढाई तुमची आहे.

डोक्यावरून येणारं पाणी तिला दिसत नाही, कुठून येतंय कळत नाही आणि एकदम सगळ्या अंगावर येतं. तो हल्लाच वाटतो. डोक्यावरचा शॉवर बंदच करा, हातात धरायचा शॉवर किंवा मग घ्या, आणि तो तिच्याच हातात द्या. सुरुवात पावलांपासून, मग पोटऱ्या, मग मांड्या, मग हात, डोकं सगळ्यात शेवटी, किंवा डोकं वेगळ्या दिवशी. खांद्यावर टॉवेल राहू द्या, त्याच्यावरूनच कोमट पाणी सोडा, टॉवेल ओला होऊन अंगाला ऊब देतो आणि ती उघडीही पडत नाही. खोली आधी गरम करून घ्या. पाणी तुमच्या कोपराने तपासा, तिच्या “बरं आहे” वर जाऊ नका, गरम किती लागतंय हे तिला नीट कळत नसेल.

व्यायामासाठी, मजबूत खुर्चीवर बसवून दोन्ही पाय कोमट पाण्याच्या पसरट टबात. टाचा वर, चवडे वर, पाणी पुढे ढकलायचं, मागे ओढायचं, पायाने एखादा चेंडू बुडवायचा. हातांसाठी टेबलावर दुसरा टब, त्यात स्पंज बुडवून पिळायचा, मगाने एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, कपडा खळबळायचा. तलावासारखं वजन हलकं होण्याचा फायदा यात नाही, तो नाहीच, पण घोटे, बोटं, मनगटं चालतात आणि पाण्याची भीती कमी होते. मधुमेह असेल तर पावलं आधी नीट तपासा, एखादी छोटी जखम तिला जाणवलेलीही नसते, आणि झाल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. फरशीवर सांडलेलं पाणी ती उठायच्या आधी पुसा. आणि ती टबापाशी असताना दार वाजलं, फोन वाजला, काहीही झालं तरी उठून जायचं नाही, काम झालं की टब लगेच रिकामा करायचा.

पहिले काही दिवस ती पाय बाहेर काढेल. तुम्ही समोर बसा, त्याच टबात तुमचेही पाय ठेवा आणि नुसते हलवत राहा. ती तुमच्या पायांकडे बघेल. थोड्या वेळाने तिचेही हलायला लागतात बऱ्याचदा, मग मला परत लिहा, पुढचे व्यायाम सांगते.